शून्य डॉलरचा दंड



आजारी पडणे हा गुन्हा नाही, हे कोणीही मान्य करील. पण आपण आजारी पडलो तर खर्च कोण करणार, याची आधी काहीच तजवीज न करणे हा गुन्हा मानावा का? गुन्हा नसेल, तर निदान ते चुकीचे आहे का? अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर कायद्याने देऊन पाहिले. २०१४ ते २०१८ या पाच वर्षांत ज्यांच्याकडे आरोग्य विमा नव्हता, किंवा ज्यांच्या विम्यात मध्येच काही महिन्यांचा खंड पडला होता, त्यांच्याकडून आयकराबरोबर दंड घेतला गेला. पुढे दंडाची रक्कम शून्य करण्यात आली. मात्र विमा ठेवा असे सांगणारे कलम पुस्तकातून काढले नाही. म्हणजे आज्ञा आहे, शिक्षा नाही. अशी आज्ञा पाळायची की नाही? या प्रश्नामुळे हा विषय मला आपल्या पानावर मांडावासा वाटला.

आणखी एक कारण आहे. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतील मुले-मुली आज न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात नोकरी करीत आहेत. देशपातळीवर दंड शून्य झाल्यावर काही राज्यांनी स्वतःचा दंड सुरू केला. त्यांत न्यू जर्सीने २०१९ पासून व कॅलिफोर्नियाने २०२० पासून. तेव्हा मिस्सेनंतर देवळाच्या आवारात 'मुलाची नोकरी गेली, विमा बंद झाला, आता तिकडे दंडही भरावा लागेल म्हणतात' असे कोणी म्हणाले, तर ते खरे असू शकते.

आधी कायदा थोडा समजून घेऊ. २०१० साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या सहीने तो झाला, म्हणून लोक त्याला ओबामाकेअर म्हणतात. त्याच्या दोन मोठ्या बाजू होत्या. विमा कंपन्यांना सांगितले गेले की मधुमेह आहे, कर्करोग होऊन गेला आहे, अशी कारणे देऊन यापुढे कोणालाही नाकारायचे नाही आणि आजारी माणसाकडून जास्त हप्ता घ्यायचा नाही. आणि लोकांना सांगितले गेले की प्रत्येकाने विमा ठेवायचा, नाहीतर दंड भरायचा. पहिल्या वर्षी दंड लहान होता. प्रौढ माणसामागे ९५ डॉलर, किंवा ठरावीक मर्यादेवरच्या उत्पन्नाचा एक टक्का, यांतले जे जास्त ते. २०१६ पर्यंत तो ६९५ डॉलर किंवा अडीच टक्के झाला. लहान मुलामागे याच्या निम्मा. नवरा-बायको आणि दोन मुले अशा कुटुंबाला पूर्ण वर्ष विमा नसल्यास किमान २,०८५ डॉलर भरावे लागत. एकट्या माणसाचे ६९५ डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण साडेसेहेचाळीस हजार रुपये. २०१५ च्या उत्पन्नावर सुमारे ६५ लाख करदात्यांनी हा दंड भरला, सरासरी सुमारे ४७० डॉलर. त्याच वर्षी जवळजवळ सव्वा कोटी करदात्यांनी या ना त्या सवलतीखाली सूट मागितली. दंड भरणारे थोडे आणि सूट मागणारे दुप्पट, हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

दंड का लावला? प्रभू येशूने सांगितलेला दहा कुमारिकांचा दाखला आठवून पाहा. पाच जणींनी कुपीत तेल घेतले होते, पाच जणींनी घेतले नव्हते. मध्यरात्री वर आला, तेव्हा बिनतेलाच्या कुमारिका दुकानाकडे धावल्या आणि दार बंद झाले. आता अशी कल्पना करा की गावात नवा नियम आला. दुकानदाराने मध्यरात्रीही दार उघडायचे, आणि दिवसाच्याच भावाने तेल द्यायचे. नियम दयेचा आहे यात शंका नाही. पण मग दिवसा तेल कोण घेणार? सगळ्याच म्हणतील, वर येईल तेव्हा घेऊ. दिवसाची विक्री बंद पडली की दुकानही बंद पडेल, आणि ज्या पाच जणी शहाण्या होत्या त्यांचेही दिवे विझतील. आरोग्य विम्याचे हेच आहे. आजच्या निरोगी माणसाच्या हप्त्यातून आजच्या आजारी माणसाचा खर्च निघतो. सगळ्यांनी आजारी पडल्यावरच हप्ता सुरू करायचा ठरवले, तर गल्ल्यात काही उरणार नाही. शिवाय अमेरिकेत १९८६ पासून असा कायदा आहे की तातडीच्या विभागात आलेल्या माणसाला, त्याच्याजवळ पैसे असोत वा नसोत, रुग्णालयाने तपासून त्याची प्रकृती स्थिर केलीच पाहिजे. मग ज्याच्याकडे विमा नाही त्याचा तो खर्च शेवटी कोणावर तरी पडतोच. म्हणून अमेरिकेच्या आयकर खात्याने या रकमेला दिलेले नाव मला अर्थपूर्ण वाटते. कायद्याच्या कलमात 'दंड' हा शब्द होता, पण खाते तिला सामायिक जबाबदारीची रक्कम म्हणत असे.

या नावावरूनच मोठा वाद झाला. सरकार कर घेऊ शकते, काही गोष्टी करायला मनाई करू शकते, पण एखाद्या खाजगी कंपनीचा माल विकत घे, अशी सक्ती ते नागरिकावर करू शकते का? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ जून २०१२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिले की व्यापाराचे नियमन करण्याच्या अधिकारात अशी सक्ती बसत नाही, पण हाच पैसा 'कर' म्हणून घेता येईल. तो न भरणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नव्हते, त्याच्या घरावर जप्ती आणता येत नव्हती. खाते फार तर त्याला परत द्यायच्या कराच्या रकमेतून तेवढे कापून घेई. अशी रक्कम कराच्या जवळची, असे न्यायालयाला वाटले. एकच पैसा कलमात दंड, आणि निकालात कर!

वकिलांसाठी हा शब्दांचा प्रश्न असेल, पण आपल्यासाठी तो विवेकाचा आहे. कर भरणारा माणूस काही चुकलेला नसतो. तो आपला वाटा देतो आणि मान वर करून चालतो. दंड भरणारा चुकलेला असतो. मग विमा न घेणारा कोणत्या रांगेत? त्याने फक्त दुसऱ्या मार्गाने आपला वाटा दिला, की त्याने काही अयोग्य केले?

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात या प्रश्नाला जुना इतिहास आहे. दोमिनिकन संघाने १२३६ साली आपल्या नियमावलीत असे घातले की तिचे नियम मोडणाऱ्याला पाप लागत नाही, फक्त ठरलेले प्रायश्चित्त करावे लागते. संत थॉमस अक्विनास स्वतः दोमिनिकन. त्यांनीही याची दखल घेतली आहे. मठातील लहानसहान नियमांसाठी ही सोय शहाणपणाचीच होती. नाहीतर जेवणाच्या घंटेला उशीर झाला म्हणून बिचाऱ्या ब्रदरने पापनिवेदनाला रांग लावायची का! पण पुढच्या शतकांत काही नीतिपंडितांनी ही कल्पना राज्याच्या कायद्यांनाही लावली. सुआरेझ या येशूसंघीय पंडिताने १६१२ च्या आपल्या ग्रंथात तिची सविस्तर मांडणी केली. काही कायदे असे असतात की ते विवेकाला बांधत नाहीत. पकडले गेलो तर दंड भरावा, एवढेच त्यांचे मागणे. करांचे व जकातीचे कायदे अनेकांनी या सदरात टाकले.

आपल्याकडे हा ग्रंथ कोणी वाचला नसला तरी त्याचे तत्त्व मात्र रस्त्यारस्त्यावर पाळले जाते. 'पावती फाडली, विषय संपला.' मोटारसायकलचा विमा संपून चार महिने झालेले असतात. हवालदाराने अडवले, पावती फाडली, आणि आपण त्याच गाडीवर, त्याच विम्याशिवाय पुढे निघतो. आपल्या देशात मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड आहे. पण तो विमा गाडीवाल्यासाठी नसतोच. उद्या आपल्या गाडीखाली जो सापडेल, त्याच्यासाठी तो असतो. पावतीने सरकारचे समाधान होईल, सापडलेल्याचे काय? अमेरिकेतल्या वादातही मोटारीच्या विम्याचे हे उदाहरण पुन्हा पुन्हा दिले गेले. त्याला मिळालेले उत्तरही खोटे नव्हते. गाडी नको असेल तर माणूस बसने जाऊ शकतो, शरीर मात्र घरी ठेवून जाता येत नाही. म्हणून शरीराच्या विम्याची सक्ती ही माणसाच्या जन्मालाच लागलेली सक्ती होते, आणि तिचा विचार जास्त नाजूकपणे करायला हवा.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, पावतीच्या या नीतीवर स्पष्ट बोट ठेवले आहे. युक्त्या करून न्याय्य कर चुकवणारे आणि आरोग्यरक्षणाचे व वाहनांच्या वेगाचे नियम क्षुल्लक समजणारे, यांचा उल्लेख परिषदेने एकाच परिच्छेदात केला आहे. आपल्या बेपर्वाईने दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो हे अशा लोकांना दिसत नाही, अशी परिषदेची तक्रार आहे. म्हणजे न्याय्य कायदा केवळ पोलिसाशी आपला संबंध जोडत नाही, तो शेजाऱ्याशी जोडतो. माझे मत विचाराल तर ऐपत असूनही 'मी ठणठणीत आहे, वर्षाला सहाशे डॉलर दंड भरणे हप्त्यापेक्षा स्वस्त' असा हिशेब करणाऱ्या तरुणाने काही अयोग्य केले. दंड भरल्याने त्याचा कायद्याशी हिशेब मिटला. पण ज्या गल्ल्यातून उद्या स्वतः घ्यायचे, त्यात आज काही टाकायचे नाही, ही वृत्ती त्याच्याजवळ राहिलीच.

पण थांबा. इतके म्हणून मी सगळ्या विमाहीनांना त्या तरुणाच्या पंक्तीला बसवले, तर तो अन्याय होईल. ते सव्वा कोटी सूट मागणारे आठवा. विमा नसण्याची कारणे माणसागणिक वेगळी असतात. अमेरिकेत बहुतेक कामकरी माणसांचा विमा मालकाकडून येतो. नोकरी गेली की विमाही जातो. जुनाच विमा दीड वर्षापर्यंत चालू ठेवण्याची सोय आहे, पण तेव्हा मालकाचा वाटाही स्वतः भरायचा आणि वर दोन टक्के. ज्या महिन्यात पगार थांबला त्याच महिन्यात हप्ता तिप्पट-चौपट झाला, तर माणूस काय करणार? तात्पुरत्या व्हिसावर काम करणाऱ्या आपल्या मुलांना तर साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधायची असते, नाहीतर देश सोडायचा असतो. त्या दोन महिन्यांत घरातल्यांना ताप आला तरी डॉक्टरकडे जायची भीती वाटते, असे जे ते फोनवर सांगतात ते अतिशयोक्तीचे नाही.

कायद्याने या खंडाचा विचार केला होता. सलग तीन महिन्यांपेक्षा कमी खंड असेल तर दंड नाही. महिन्यात एक दिवस जरी विमा असला तरी तो पूर्ण महिना धरला जाई. हे उदारच होते. पण खंड तीन महिन्यांचा झाला की पहिल्या दोन महिन्यांचीही माफी जाई आणि तिन्ही महिन्यांचा दंड लागे. वर्षात दोनदा नोकरी गेली तर माफी फक्त पहिल्या खंडाला. दुसऱ्यांदा नोकरी जाणाऱ्याला दयेची गरज जास्त असते की कमी? कायदा महिने मोजणार, त्याला दुसरे काही मोजता येत नाही, हे मला समजते. पण अशा ठिकाणी दंड हा शब्द फार बोचतो.

गरिबांचीही गोष्ट अशीच. सर्वांत स्वस्त विम्याचा हप्ता उत्पन्नाच्या साधारण आठ टक्क्यांहून जास्त असेल तर दंड माफ होता. आयकराचे विवरणपत्र भरण्याइतकेही उत्पन्न नसेल तरी माफ. सरकारी मेडिकेड योजना ज्या राज्यांनी वाढवली नाही, तेथे दारिद्र्यरेषेखालचे लाखो लोक ना मेडिकेडमध्ये बसत, ना त्यांना हप्त्याची सवलत मिळे. त्यांनाही दंड माफ होता. ज्यांच्याजवळ राहण्याची कागदपत्रे नव्हती अशा परदेशी मजुरांनाही माफ. पण या शेवटच्या माफीत मला काही औदार्य दिसत नाही. त्यांना सरकारी बाजारातून स्वतःच्या पैशाने पूर्ण किंमत देऊनही विमा घ्यायला बंदी होती. ज्याला पंगतीला बोलावलेच नाही त्याला न जेवल्याचा दंड लावला नाही, एवढेच. अमेरिकेतील कॅथोलिक बिशपांची परिषद अनेक दशके सर्वांसाठी आरोग्यसेवा मागत आली होती, तरी २०१० च्या अंतिम विधेयकाला तिने पाठिंबा दिला नाही. तिचे मुख्य आक्षेप गर्भपाताचा खर्च, सदसद्विवेकाचे रक्षण आणि परदेशी मजुरांना वगळणे हे होते. त्याच वेळी कॅथोलिक रुग्णालयांच्या संघटनेच्या प्रमुख सिस्टर कॅरोल कीहान यांनी विधेयकाच्या बाजूने उघड मत दिले. दोन्ही बाजूंना श्रद्धावंत माणसे होती. गरिबांसाठी झोपडीवजा आश्रम चालवणाऱ्या नव्हे, तर वृद्धांची सेवा करणाऱ्या 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या भगिनींचा न्यायालयीन लढाही याच कायद्यावरून झाला, पण तो मालकांनी कामगारांच्या विम्यात काय द्यावे याबद्दल होता. त्याची आणि या दंडाची गल्लत करू नये.

सगळ्या सवलतींत मला सर्वांत विचार करायला लावणारी सवलत आमिश लोकांची वाटते. घोड्याच्या गाडीतून फिरणारे हे ख्रिस्ती शेतकरी धर्मतत्त्व म्हणून विमा घेत नाहीत. कोणी आजारी पडले तर मंडळी पैसे गोळा करून रुग्णालयाचे बिल भरते. अशा पंथांना कायद्याने दंडातून वगळले, पण अट घातली की तो पंथ १९५० च्या अखेरीपासून अखंड चालत आलेला असावा आणि आपल्या माणसांची जबाबदारी तो खरोखर घेत असावा. ३१ डिसेंबर १९९९ पूर्वीपासून एकमेकांचा औषधोपचाराचा खर्च वाटून घेत आलेल्या ख्रिस्ती सेवासंस्थांच्या सभासदांनाही अशीच सूट मिळाली. याचा अर्थ नीट पाहा. कायद्याला शेवटी पॉलिसीचा कागद महत्त्वाचा वाटला नाही. एकाचे ओझे अनेकांनी उचलण्याची काही पक्की व्यवस्था आहे ना, एवढेच त्याने विचारले. कागद नसला तरी व्यवस्था असलेला मोकळा सुटला.

मग आपल्या धर्मग्रामाला कोणी हाच प्रश्न विचारला तर? आपल्याकडे असा दंड नाही. आपले सरकार सवलतीच्या वाटेने जाते. जुन्या करपद्धतीत हप्त्यावर वजावट मिळते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी काढून टाकला आहे. कोणाच्या शस्त्रक्रियेसाठी मदत हवी असली की मिस्सेच्या शेवटी निवेदन होते. विन्सेंट डी पॉलचे सभासद घरी जाऊन येतात, भावकी, शेजार, नोकरीवरचे मित्र काही ना काही देतात. हे चांगलेच आहे. पण आमिश लोकांचे पैसे देणे ठरलेले असते. आपले देणे त्या रविवारी खिशात काय आहे आणि निवेदन कोणत्या मिस्सेला झाले, यावर असते. ज्याचे नातेवाईक मोठे त्याला जास्त मिळते. एकट्या विधवेला कमी.

आणि देताना एक कुजबुज हमखास ऐकू येते. 'एवढी वर्षे नोकरी केली, विमा नाही काढला?' बंधुभगिनींनो, हा प्रश्न मला अमेरिकेच्या आयकर खात्याच्या तोंडी समजू शकतो, देवळाच्या पायरीवर समजत नाही. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या माणसाला दयाळू शोमरोन्याने विचारले नाही की बाबा, ही वाट लुटारूंची आहे हे ठाऊक असून तू एकटा का निघालास? त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगितले. त्या मालकाकडेही थोडे पाहावे. शोमरोनी आला म्हणून त्याला दोन दिनार तरी मिळाले. रोज एक जखमी येऊ लागला आणि शोमरोनी आलाच नाही, तर उतारशाळा किती दिवस चालेल? पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या 'पाचेम इन तेर्रिस' या विश्वपत्रात वैद्यकीय सेवा आणि आजारपणातील सुरक्षितता यांना माणसाच्या हक्कांत स्थान दिले, ते यासाठीच असावे असे मला वाटते. शोमरोनी वाटेवर येईल न येईल, हक्क मात्र असायला हवा. आणि हक्क आला की त्याचा खर्च उचलणारे कर्तव्यही कोणाच्या तरी खांद्यावर आलेच.

संत मत्तयने दहा कुमारिकांचा दाखला आणि शेवटच्या न्यायाचे वर्णन एकाच, पंचविसाव्या अध्यायात दिले आहे. पहिल्यात तेल न घेतलेल्यांसाठी दार बंद होते. दुसऱ्यात राजा विचारतो, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही आलात का? आजाऱ्याने तेल आणले होते की नाही, हे राजा विचारत नाही. मला वाटते, तेलाचा प्रश्न माझ्या स्वतःच्या कुपीबद्दल आहे, आणि भेटीचा प्रश्न दुसऱ्याच्या खाटेबद्दल. आपण पुष्कळदा याची अदलाबदल करतो. दुसऱ्याची कुपी तपासतो आणि आपल्याला मात्र कोणीतरी भेटायला येईलच असे धरून चालतो.

याचे अगदी घरातले उदाहरण द्यायचे तर सुनेच्या बाळंतपणाला किंवा नातवंडांना पाहायला अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या आई-वडिलांचे. पाहुण्यांच्या व्हिसावर गेलेल्यांना तिकडे विमा नसल्याचा दंड लागत नाही, म्हणून काही जण प्रवासी विमाही काढत नाहीत. किंवा मुलगा काढतो म्हणाला तर 'कशाला उगाच पैसे घालवतोस, मला काही होत नाही' असे म्हणतात. रक्तदाब आहे हे शेजाऱ्यालाही माहीत असते. बहुतेक प्रवासी पॉलिसींत जुन्या आजारांचा पूर्ण खर्च मिळत नाही, हे खरे. तरीही काही न काढता जाणे म्हणजे आपले ओझे न विचारता मुलाच्या पाठीवर ठेवणे आहे. छातीत दुखू लागले तर तेथील रुग्णालय दार बंद करणार नाही. बिल मात्र मुलाच्या पत्त्यावर येईल. मुलगा 'नको' म्हणणार नाही, हे माहीत असते, म्हणूनच त्याच्याकडून ते मागण्याआधी दोनदा विचार करावा.

आता त्या शून्याकडे वळू. २२ डिसेंबर २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या कर कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी २०१९ पासून दंडाची रक्कम शून्य झाली. तेव्हा पुष्कळांनी भाकीत केले की आता निरोगी माणसे विमा सोडतील आणि सगळी व्यवस्था कोसळेल. तसे झाले नाही. २०२० साली सरकारी बाजारातून सुमारे १ कोटी १४ लाख लोकांनी विमा निवडला होता, २०२५ साली हा आकडा २ कोटी ४० लाखांच्या पुढे गेला. दंड नसताना! कारण मधल्या काळात, २०२१ पासून, हप्त्यासाठी मिळणारी सरकारी मदत वाढवली होती. ती वाढीव मदत २०२५ च्या अखेरीस संपली. मला यातून एवढे दिसते की बहुतेक लोक विमा नाकारत नव्हते, त्यांना तो परवडत नव्हता. दंडाने जे साधले नाही ते हप्ता हलका केल्याने साधले. मॅसॅच्युसेट्सने २००६ च्या आपल्या कायद्यात दोन्ही एकत्र ठेवले होते, दंडही आणि गरिबांना मदतही, आणि ते राज्य अजून तसेच चालते. कॅलिफोर्नियात २०२४ साठी प्रौढामागे किमान ९०० डॉलर व मुलामागे ४५० डॉलर दंड होता, पण तेथेही गरिबांना व अल्पखंडाला सूट आहे. आपल्या मुलांनी नोकरी बदलताना तारखा नीट पाहाव्यात, एवढे मात्र जाता जाता सांगतो.

शून्य दंडावरून पुन्हा एक खटला झाला. टेक्सास आणि इतर काही राज्यांनी तो लावला, आणि त्यांच्याबरोबर टेक्सासमधील दोन साधे नागरिक वादी झाले. त्या दोघांचे म्हणणे फार वेगळे होते. दंड शून्य झाल्यावरही ते दरमहा हप्ता भरून विमा चालू ठेवत होते, कारण कायद्याच्या पुस्तकात अजून 'ठेवा' असे लिहिलेले होते आणि देशाचा कायदा पाळणे हे ते आपले कर्तव्य मानत होते. त्यांना विमा नको होता, म्हणूनच हे कलम रद्द करा असे ते मागत होते. पण रद्द होईपर्यंत ते भरत राहिले. १७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांचा दावा फेटाळला. विमा ठेवला नाही तर सरकार तुमचे काहीच करू शकत नाही, म्हणून या कलमाने तुमचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही, असे न्यायमूर्तींनी लिहिले. त्या दोघांचे म्हणणे एवढेच होते की कायद्यात लिहिले आहे, म्हणून आम्ही भरतो.